प्रायोजक नेमके काय विकत घेतो? साठ पत्रे पाठवल्यानंतर पडलेला प्रश्न

कात्रीदोरा (धागाकर्ती)

आम्ही बावीस लहान व्यावसायिक एकत्र येऊन गेली चार वर्षे दोन दिवसांचे प्रदर्शन भरवतो. त्याला जोडून नव्या उद्योजकांसाठी हिशेब, वस्तूंचे छायाचित्रण आणि पॅकिंग अशा विषयांच्या कार्यशाळाही असतात. माझा स्वतःचा व्यवसाय कापडी पिशव्या शिवण्याचा आहे. प्रायोजक मिळवण्याचे काम यंदा माझ्याकडे आले, ते केवळ 'तुमचे लिहिणे बरे आहे' एवढ्या भांडवलावर. आजवरचा खर्च स्टॉलच्या शुल्कातून भागत असे. या वर्षी जागा मोठी घेतल्यामुळे तो भागणार नाही, हे उघड आहे.

मी ६० कंपन्यांना पत्रे पाठवली. पत्र एकच होते, वरचे नाव तेवढे बदलले होते. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य असे तीन गट केले होते आणि कोणत्या गटाला बॅनरवर किती मोठा लोगो मिळेल, याचा तक्ता जोडला होता. उत्तरे दोन आली. एकात 'आमची यंदाची तरतूद संपली आहे' असे होते. दुसऱ्यात एकच प्रश्न होता, 'तुमच्याकडे येणारे लोक कोण आहेत?' मी 'सर्व थरांतील लोक' असे कळवले आणि पुढे तिकडून काहीच आले नाही.

पत्राचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा देते: 'आमची संस्था गेली चार वर्षे लघुउद्योजकांच्या उत्कर्षासाठी अविरत कार्यरत असून आपल्यासारख्या नामांकित कंपनीने या उपक्रमास सढळ हाताने साहाय्य करावे, ही नम्र विनंती.'

यात काय चुकले, हे ज्यांना ठाऊक असेल त्यांनी हातचे न राखता सांगावे.

---

मागचा बाक

मी अकरा वर्षे एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या मार्केटिंग विभागात आहे आणि प्रायोजकत्वाची पत्रे वाचणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. तुमचे पत्र माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते दुसऱ्या विभागाकडे सरकवले असते, आणि तिथे ते पडून राहिले असते. कारण 'सढळ हाताने साहाय्य' ही वर्गणीची भाषा आहे. बहुतेक कंपन्यांत देणगीचा किंवा सामाजिक जबाबदारीचा पैसा एका खिशात असतो आणि जाहिरातीचा दुसऱ्या. दोन्हींचे प्रमुख वेगळे, निकष वेगळे आणि वर्षाअखेरीस द्यावा लागणारा जाबही वेगळा. तुम्ही मागत होतात जाहिरातीच्या खिशातले आणि बोलत होतात देणगीच्या खिशाशी.

'तरतूद संपली' हे उत्तर मीही दिलेले आहे. ते नेहमीच खोटे नसते. पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा वर्ष सुरू होण्याच्या काही महिने आधी ठरतो. त्यानंतर आलेले चांगले पत्रसुद्धा उरल्यासुरल्या रकमेवर जगते. प्रदर्शन दोन महिन्यांवर असताना मागणी केली असेल, तर तुम्ही आधीच पाच-सहा महिने उशिरा पोहोचला होतात.

आता त्या एका प्रश्नाविषयी. 'सर्व थरांतील लोक' याचा अर्थ आम्ही असा घेतो की आयोजकांना आपले लोक माहीत नाहीत. मी पत्र हातात घेते तेव्हा मला पाहायचे असते की येणारी माणसे आमची वस्तू घेण्याजोगी आहेत का, ती आधीपासूनच आमच्याकडून घेत नाहीत ना, त्यांच्याशी दोन मिनिटे बोलण्याची किंवा वस्तू त्यांच्या हातात देण्याची सोय आहे का, शेजारच्या स्टॉलवर आमचा स्पर्धक उभा असेल का, आणि दोन दिवस संपल्यावर आमच्या हाती काय उरेल. लोगोची जागा या सगळ्यानंतर येते. बॅनरवरचा अकरावा लोगो कोणी वाचत नाही, हे आम्हालाही कळते.

मी मंजूर केलेले एक पत्र आजही लक्षात आहे. आमची कंपनी पावसाळी कपडे बनवते. डोंगरभटक्यांच्या एका गटाने लिहिले होते की त्यांचे १४० सदस्य आहेत, गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी ३८ जणांचे रेनकोट खांद्याच्या शिवणीत गळले, त्याची छायाचित्रे सोबत आहेत. आमचे रेनकोट ते सहा भटकंत्यांत वापरतील आणि कोणती शिवण, कोणती चेन किती टिकली याचा लेखी अहवाल देतील. पत्र दीड पानाचे होते. त्यात सुवर्ण नव्हते आणि रौप्यही नव्हते. आम्ही रेनकोट दिले आणि त्यांनी न मागितलेले प्रवासाचे पैसेही दिले, कारण तो अहवाल बाहेरून करून घ्यायचा म्हटला असता तर आम्हाला त्याहून महाग पडला असता. खिशाच्या झाकणातून पाणी आत जाते, हे आम्हाला त्या अहवालातूनच कळले.

---

पाणवठा

सुवर्ण-रौप्य-कांस्य या पद्धतीबद्दल थोडे लिहितो, कारण तिची मर्यादा फार मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळालेली आहे.

१९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकला सहाशेहून अधिक प्रायोजक आणि पुरवठादार होते. तरीही त्या स्पर्धेचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. अर्थात कर्जाचे मुख्य कारण स्टेडियमचा बेसुमार वाढलेला खर्च हे होते, प्रायोजकांची संख्या नव्हे. पण एवढ्या गर्दीत प्रत्येकाच्या नावाला मोल उरत नाही आणि म्हणून कोणी मोठी रक्कमही देत नाही, हे तिथे दिसले. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या आयोजन समितीचे प्रमुख पीटर युबेरॉथ यांनी नेमके उलटे केले. प्रायोजकांची संख्या तिसाच्या आसपास ठेवली, प्रत्येक व्यवसायप्रकारात एकाच कंपनीला प्रवेश दिला आणि किमान रक्कम ४० लाख डॉलर ठरवली. छायाचित्रणाच्या फिल्मच्या प्रकारात कोडॅकने त्या रकमेवर घासाघीस करत वेळ काढला, आणि ती जागा जपानच्या फुजीने घेतली. अमेरिकेच्या बाजारात कोडॅकच्या अंगणात शिरायला फुजीला याहून चांगली वाट मिळाली नसती. स्पर्धेअखेर समितीकडे २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक उरली.

तुमच्या प्रदर्शनाला ही उपमा मोठी वाटेल, पण युक्ती कोणत्याही आकाराला लागू पडते. 'तुमचा लोगो सर्वांत मोठा असेल' यापेक्षा 'तुमच्या व्यवसायातली दुसरी कंपनी इथे नसेल' हे आश्वासन अधिक वजनदार असते, आणि ते द्यायला आयोजकाला काही खर्च येत नाही. फक्त ते पाळावे लागते. स्टॉलधारकांपैकीच कोणी त्या कंपनीचा स्पर्धक निघाला, तर पंचाईत होते.

केवळ 'अधिकृत' या बिरुदावर मात्र कोणी विसंबू नये. १९९६च्या क्रिकेट विश्वचषकात अधिकृत पेयाचा मान कोका-कोलाने पैसे मोजून घेतला होता, आणि पेप्सीने 'यात अधिकृत असे काही नाही' अशा आशयाची जाहिरात मोहीम चालवून त्या अधिकृतपणाचीच थट्टा केली. आज अनेकांना त्या स्पर्धेतली ती थट्टाच आधी आठवते. हक्क विकत घेऊन तो वापरला नाही तर काय होते, हे प्रायोजकाला तेव्हापासून चांगले ठाऊक आहे. म्हणून तुमच्याकडे जागा घेतल्यावर तो तिथे करणार काय, याची कल्पना प्रस्तावातच असावी.

---

बिनघोर

मी थोडा विरुद्ध सूर लावतो. आमच्या प्रशिक्षण मेळाव्याला एकदा एकच मोठा प्रायोजक मिळाला आणि आम्ही हुरळून गेलो. खर्चाचा दोन तृतीयांश भाग तो उचलणार होता. त्याने आधी उद्घाटनाचे भाषण मागितले. मग भाषणाची वेळ वीस मिनिटांवरून पन्नास मिनिटे झाली, आणि त्या पन्नास मिनिटांत एका यंत्राच्या सुट्या भागांची यादी वाचली गेली. मागच्या रांगा रिकाम्या होताना मी स्वतः पाहिल्या. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे नवा अधिकारी आला आणि मेळाव्याच्या दीड महिना आधी त्यांनी माघार घेतली. जागेचे पैसे आम्ही आगाऊ भरलेले होते. ती तूट आम्ही सहा जणांनी वाटून घेतली.

तेव्हापासून माझा नियम असा, की कार्यक्रमाचा कणा शुल्कावर उभा असावा आणि प्रायोजकाच्या पैशातून फक्त ज्या गोष्टींवाचून अडत नाही त्या कराव्यात. प्रायोजक गेला तर कार्यक्रम लहान होईल, पण मोडणार नाही. कात्रीदोरा यांनी जागा आधी मोठी घेतली आणि प्रायोजक नंतर शोधायला निघाल्या, हा क्रम मला धोक्याचा वाटतो. क्षमा असावी, पण हातचे राखू नका असे तुम्हीच म्हणालात.

---

कात्रीदोरा (धागाकर्ती)

बिनघोर, क्षमेचे कारण नाही. क्रम चुकला हे मान्य आहे. जागेचा करार रद्द करता येत नाही, पण अर्ध्या जागेचा निर्णय पुढच्या महिन्यापर्यंत लांबवण्याची सवलत मिळवली आहे.

मागचा बाक, तुमच्या उत्तराने मी वरमले. गेल्या वर्षीच्या प्रवेशाच्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यांत नाव आणि फोन नंबर एवढेच आहे. आता दोन शंका आहेत. एक, रक्कम ठरवायची कशी? मी एकूण खर्चाला प्रायोजकांच्या अपेक्षित संख्येने भागले होते. दुसरी, पैशाऐवजी वस्तू देऊ असे कोणी म्हटले तर काय करावे?

---

खतावणी

रकमेबाबत आधी. तुमचा खर्च किती आहे, याच्याशी प्रायोजकाला कर्तव्य नसते. पिशवीची किंमत सांगताना तुम्ही गिऱ्हाइकाला शिलाई यंत्राचा हप्ता सांगत नाही, तसेच हे. ज्या लोकांपर्यंत तुम्ही त्याला पोहोचवणार आहात, त्यांच्यापर्यंत दुसऱ्या मार्गाने जायला त्याला किती खर्च आला असता, याचा अंदाज घ्या आणि तिथून मागे या. पहिल्या वर्षी त्याहून बरेच कमी मागावे लागेल, कारण तुमच्या शब्दाखेरीज त्याच्याजवळ पुरावा काही नसेल. दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे पहिल्या वर्षाचा अहवाल असेल.

वस्तूंबाबत माझी कसोटी साधी आहे. ती वस्तू तुमच्या अंदाजपत्रकात आधीच असेल, तर ती पैशाइतकीच खरी. छपाई, ध्वनियंत्रणा, खुर्च्या, पॅकिंगचे साहित्य हे सगळे त्यात येते. अंदाजपत्रकात नसलेल्या पाचशे टोप्या मिळाल्या, तर तुम्हाला टोप्या वाटण्याचे काम मिळाले, प्रायोजक मिळाला नाही.

बिनघोर यांच्या अनुभवावरून कराराविषयी लिहितो. दोन पाने पुरतात, पण ती हवीतच. निम्मी रक्कम सहीच्या वेळी आणि उरलेली कार्यक्रमाच्या आधी यावी, नंतर नव्हे. कोणी माघार घेतली तर किती रक्कम परत करायची, हे दोन्ही बाजूंनी लिहावे. आयोजकसुद्धा कार्यक्रम रद्द करू शकतो. 'तुमच्या व्यवसायातले दुसरे कोणी नसेल' असे लिहिताना व्यवसायाची हद्द शब्दांत आखावी. मी एका करारात 'वित्तसेवा' असा शब्द पाहिला होता. पुढे विमा कंपनी आली तेव्हा ती त्या शब्दात बसते की नाही, यावर तीन आठवडे गेले. व्यासपीठावर कोण किती मिनिटे बोलणार, हेही खुशाल लिहावे, त्यात कमीपणा नाही. प्रायोजकाला तुमचे नाव किती काळ वापरता येईल, याची तारीख टाकावी.

येणाऱ्यांचे फोन नंबर हा सर्वांत नाजूक भाग आहे. ज्यांनी प्रदर्शन पाहण्यासाठी नंबर दिला, त्यांनी तो तुमच्या प्रायोजकासाठी दिलेला नाही. ज्याला नंबर द्यायचा असेल, त्याने प्रायोजकाच्या टेबलावर स्वतः द्यावा.

आणखी एक किरकोळ पण महागात पडणारी बाब. मोबदल्यात प्रसिद्धी मिळणारी रक्कम कराच्या दृष्टीने अनेक ठिकाणी देणगी मानली जात नाही, ती सेवेची विक्री ठरते. पावती फाडण्याआधी आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

---

जुनी वही

आतापर्यंतची सगळी चर्चा आयोजकाच्या बाजूने झाली. आपल्यातले बरेच जण उद्या स्वतःच प्रायोजक असतील, किंवा आताच कोणाच्या तरी स्मरणिकेत पाव पान जाहिरात देऊन विसरून गेले असतील, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

इंग्लंडचा क्रिकेट संघ पहिल्यांदा ऑस्ट्रेलियाला गेला तो १८६१ साली, आणि त्या दौऱ्याचे पैसे कोणा क्रिकेट मंडळाने दिले नव्हते. मेलबर्नमध्ये खानपानाचा व्यवसाय करणारे स्पायर्स आणि पाँड हे दोन भागीदार त्यामागे होते. आधी ते एका गाजलेल्या लेखकाच्या व्याख्यानांचा दौरा आणण्याच्या खटपटीत होते. ते जमेना, तेव्हा त्यांनी क्रिकेटपटू आणले. पहिला सामना १ जानेवारी १८६२ रोजी सुरू झाला आणि त्याला अफाट गर्दी लोटली. मला यातली गंमत अशी वाटते, की हे दोघे नुसते नाव झळकवत बसले नाहीत. जमलेल्या गर्दीला भूक-तहान लागणार होती, आणि त्यांचा धंदाच खानपानाचा होता. कार्यक्रम आणि व्यवसाय यांची गाठ अशी नैसर्गिक असेल, तर प्रायोजकत्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण १९८३चे आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी अमेरिकन एक्सप्रेसने एकरकमी देणगी देण्याऐवजी, ग्राहकाने कार्ड वापरले की दर वेळी एक सेंट आणि नवे कार्ड घेतले की एक डॉलर, असे जाहीर केले. तीन महिन्यांत सुमारे १७ लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापरही एक चतुर्थांशाहून अधिक वाढला. देणारा हात ग्राहकाचा झाला आणि नाव कंपनीचे राहिले. यावर टीकाही झाली, कारण त्या मोहिमेच्या जाहिरातींवरच देणगीहून अधिक खर्च झाला होता. ती टीका मला रास्त वाटते, पण लहान व्यवसायाने उचलावी अशी रचना तीच आहे. आधी खिसा रिकामा करायचा नाही, विक्री होईल तसतसे द्यायचे.

माझा व्यवसाय हातशिलाईच्या वह्यांचा आहे. एका वर्षी मी चित्रकला स्पर्धेच्या करंडकांचे पैसे दिले. करंडकाखाली माझे नाव कोरले होते आणि ते विजेत्यांच्या कपाटात आजही असेल. त्यातून एकही मागणी आली नाही. पुढच्या वर्षी मी करंडक नाकारले आणि प्रत्येक स्पर्धकाला चित्र काढण्यासाठी माझी एक लहान वही दिली. दोनशे वह्या झाल्या. शेवटच्या पानावर 'ही वही भरली की कळवा' एवढे एक वाक्य आणि संपर्क होता. पुढच्या तीन महिन्यांत सतरा जणांनी कळवले, त्यांतल्या एका कलाशिक्षिकेने संपूर्ण वर्गासाठी मागणी नोंदवली. खर्च करंडकांपेक्षा कमी आला होता. आणि सतरा हा आकडा मी सांगू शकते, कारण ते वाक्य फक्त त्याच वह्यांवर छापले होते.

---

मागचा बाक

जुनी वही ताईंचे शेवटचे वाक्य प्रत्येक आयोजकाने लक्षात घ्यावे. आम्हाला वरिष्ठांपुढे दाखवायला असा एक आकडा हवा असतो. कूपनवर वेगळा शब्द छापा, टेबलावर किती जण थांबले त्याच्या रेघा मारा, काहीही करा. आणि कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांच्या आत दोन पानांचा अहवाल पाठवा. उपस्थिती कमी झाली असेल, तर ती कमीच लिहा. दहा आयोजकांपैकी आठ जण नंतर तोंडही दाखवत नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच पत्र येते, कधीकधी जुन्या तारखेसह.

---

कात्रीदोरा (धागाकर्ती)

सात आठवड्यांनी लिहिते आहे.

वह्यांत ३१२ नावे होती. आम्ही तिघींनी नऊ संध्याकाळी फोन केले. २०४ जण बोलले. तीनच प्रश्न विचारले: तुमचा व्यवसाय कोणता, मदतीला किती जण आहेत, आणि आठवड्याला किती पार्सले पाठवता. तिसरा प्रश्न माझ्या सहकारिणीने सहज घातला होता, कारण त्या दिवशी तिची स्वतःचीच दोन पार्सले फुटून परत आली होती. २०४ पैकी १३१ जण दर आठवड्याला पार्सले पाठवतात, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक जण खोके आणि वेष्टन किरकोळ दुकानातून, लागेल तसे विकत घेतात. चार वर्षे आम्ही या लोकांना 'सर्व थरांतील' म्हणत होतो.

यादीचा नाद लागला म्हणून मी माझ्या स्वतःच्या चाळीस गिऱ्हाइकांनाही फोन केले. माझ्या पिशव्यांच्या चिठ्ठीवर 'दहा किलो वजन पेलते' असे ठळक छापलेले आहे. चाळीसपैकी तेवीस जणांनी पिशवी भेट म्हणून दिली होती, आणि वजनाविषयी त्यांना काही देणेघेणे नव्हते. चिठ्ठी बदलायला टाकली आहे.

या वेळी पत्रे ६० नव्हे, सातच लिहिली, आणि सातही वेगळी. पॅकिंगचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीच्या पत्राची सुरुवात अशी होती: 'आमच्या प्रदर्शनाला येणाऱ्यांपैकी १३१ लहान व्यावसायिक दर आठवड्याला पार्सले पाठवतात. त्यांपैकी ७४ जण आजही खोकी किरकोळीने घेतात. त्यांना तुमचे साहित्य दोन दिवस हाताळता येईल, अशी एक कल्पना पुढे मांडत आहोत.' कल्पना अशी, की येणाऱ्याने आपली नाजूक वस्तू आणायची, कंपनीच्या माणसाने ती त्याच्यासमोर बांधायची, आणि मग खोके छातीच्या उंचीवरून सर्वांदेखत खाली टाकायचे. सातांपैकी तिघांनी उत्तर दिले. दोघांनी पुढच्या वर्षीच्या आराखड्याच्या वेळी यायला सांगितले, आणि नेमका महिनाही सांगितला. पॅकिंगवाल्यांनी भेटीला बोलावले.

रक्कम आमच्या अपेक्षेपेक्षा कमी आहे. मोठ्या जागेचा उरलेला अर्धा भाग आम्ही सोडून दिला. कार्यशाळेचे सर्व साहित्य मात्र त्यांच्याकडून येईल, आणि ते अंदाजपत्रकात आधीपासून होते. करार दोन पानांचा झाला; 'पॅकिंग' म्हणजे काय, यावर अर्धा तास गेला, कारण आमच्यातलाच एक जण कागदी खोकी बनवतो. त्याला वगळले जाणार नाही, असे वाक्य घालून घेतले.

भेट संपताना त्यांच्या अधिकाऱ्यांनी विचारले की लोकांसमोर एखादी वस्तू फुटलीच, तर काय करायचे. तोपर्यंत हा विचार आमच्या कोणाच्याच मनात आला नव्हता. आमच्या गटात कुंभारकाम करणारी एक जण आहे. तिने भट्टीत तडकलेले आणि विकता न येणारे कप त्यासाठी साठवायला सुरुवात केली आहे. काल मोजले तेव्हा एकोणीस झाले होते.